एका वजाबाकीची बचत

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.४०

नवी वही. जुनीत अजून सत्तर पानं कोरी आहेत, पण भरलेल्या पानांवर मागच्या प्रोजेक्टचे संकल्प आहेत. ते डोळ्यांसमोर आले की नाक चोंदतं.

आज डायरेक्टरांच्या केबिनमध्ये निर्णय झाला. निर्णय त्यांचा, कल्पना माझी. कल्पना माझी ही नोंद इथेच करून ठेवतो, मीटिंगच्या इतिवृत्तात होणार नाही.

आमचा राउटर म्हणजे एक काळा डबा. एका बाजूने पॅकेटं, म्हणजे माहितीचे पत्ता लावलेले तुकडे, आत येतात, दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. मधलं काम डब्यातली ऑपरेटिंग सिस्टम करते. ती फुकट मिळते, जगभर चालते आणि हजारो माणसांनी तीस वर्षं खपून लिहिलेली आहे. हाच तिचा दोष. तिचा नेटवर्क स्टॅक, म्हणजे पॅकेटं हाताळणारा भाग, सगळ्यांसाठी लिहिलाय. लॅपटॉप, फोन, वॉशिंग मशीन, सगळे. आमच्या डब्याला फक्त पत्ता बघून पॅकेट पुढे ढकलायचंय. पण पॅकेट आलं की ही बाई प्रोसेसरला हलवून जागं करणार, पॅकेट कागदात गुंडाळणार, चार टेबलांवर फिरवणार, प्रत्येकाला विचारणार की हे आपलं का, आणि मग सोडणार.

मी म्हणालो, हा स्टॅक काढून आपला लिहू. मोठे राउटरवाले हेच करतात. डायरेक्टरांनी विचारलं, पाचपट वेग येईल? मी म्हणालो, येईल. ‘पाचपट’ त्यांचं, ‘येईल’ माझं.

मुदत ९ एप्रिल. त्या दिवशी विमा कंपनीच्या मुख्य ऑफिसात ट्रायल. पास झालो तर ते चारशे डबे घेणार. नापास झालो तर डायरेक्टर बाहेरून तयार चिप आणणार, तिच्यात सगळं आधीच लिहिलेलं असतं, आणि आमचा सेक्शन बंद. सेक्शन म्हणजे मी, टेस्टिंगच्या बाई आणि दोन प्रोग्रामर. या खोलीत मी एकवीस वर्षं बसतोय.

बंद होईल हे ऐकून काहीच वाटलं नाही. आत्मविश्वास म्हणतात तो हाच असावा.

४ फेब्रुवारी. सकाळी ६.०५

संकल्प. रोज दोनशे ओळी कोड. दिवसाला दोनच चहा. मीटिंगांना जायचं नाही. दुपारी डुलकी नाही. दहा हजार ओळींत स्टॅक पुरा. ऑपरेटिंग सिस्टमचा लाखांत आहे, पण त्यांना घाई नव्हती.

६.२०. चहा.

७.४५. चहा. हा नाश्त्याबरोबरचा, मोजायचा नाही.

११.००. मीटिंग. विषय: मीटिंगा कमी करणे. जावं लागलं.

सायंकाळी ७.००. ओळी झाल्या एकवीस. पैकी सोळा ओळी म्हणजे वर घातलेली चौकट, माझं नाव आणि तारीख.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सेक्शनला कल्पना दिली. दोघा प्रोग्रामरना मी जुळे म्हणतो. एक तिशीतला, एक चाळिशीतली, नातं काही नाही, पण ‘नाही’ एकदम म्हणतात. आजही म्हणाले.

टेस्टिंगच्या बाईंचं नाव मी शंकाबाई ठेवलंय. अर्थात मनात. त्यांनी वही उघडून विचारलं, सर, जो स्टॅक आहे तो नीट कॉन्फिगर करून बघितलाय का आधी? मी म्हणालो, बाई, भाड्याच्या घराला किती रंग काढणार. त्या म्हणाल्या, घर भाड्याचं नाही सर, फुकटचं आहे. वर छप्परही गळत नाही.

याला म्हणतात दृष्टीचा अभाव. तरी माणूस कामाचा आहे. राहू दे.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १.००

जेवताना बायकोने विचारलं, नक्की काय करतोयस. समजावून सांगितलं. ती शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे प्रश्न सरळ येतात. म्हणाली, म्हणजे चालणारी गोष्ट काढून तीच गोष्ट परत करायची? मी म्हणालो, तीच नाही, वेगवान. पॅकेट आल्याची वर्दी मिळायची वाट माझा स्टॅक बघत बसणार नाही. तो दाराकडेच डोळे लावून असेल, एका दमात बत्तीस पॅकेटं उचलेल, आणि कोण कुठला ही चौकशी न करता पुढे ढकलेल.

ती म्हणाली, घरात तू हेच करतोस.

सासरे हसले. सासरे आमच्याकडेच असतात, पोस्टात सॉर्टिंगला होते. एकतीस वर्षं पत्रं पुढे ढकलली. त्यांना वाटतं आम्ही दोघं एकाच धंद्यातले. दुरुस्त करत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

प्रगती. पॅकेट आत येतं. बाहेर जात नाही. निम्मं काम झालं.

२१ फेब्रुवारी

बाहेर जातं. चुकीच्या दारातून, पण जातं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

डबा घरी आणला. माझा स्टॅक डोळे मिटत नाही, पॅकेट असो नसो दाराकडे बघतच राहतो, त्यामुळे प्रोसेसर सतत शंभर टक्के. डबा तापतो. बायकोने हात लावून विचारलं, याला ताप आलाय का? मी म्हणालो, तत्परता आहे ती. सासऱ्यांनी वर मोजे वाळत घातले. वीस मिनिटांत वाळले. ऑपरेटिंग सिस्टमच्या स्टॅकवर निदान दोन तास लागले असते.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी ४.१५

पहिला खरा आकडा. जुना स्टॅक सेकंदाला साडेचार लाख पॅकेटं काढतो. माझा पाच लाख दहा हजार. तेरा टक्के जास्त. पाचपट व्हायला चारशे टक्के हवेत, म्हणजे तीनशे सत्त्याऐंशी उरले. चाळीस दिवसांत दिवसाला दहा टक्के. जमणारं आहे.

४ मार्च

गोष्टी काढायला सुरुवात. स्टॅक लिहिणं ही वजन कमी करण्यासारखीच गोष्ट आहे, जमवायचं नसतं, टाकायचं असतं. फुटलेली पॅकेटं जोडणं: काढलं, फुटणाऱ्यांनी फुटू नये. पॅकेट पोचलं नाही तर पाठवणाऱ्याला कळवणं: काढलं, वाईट बातमीने वेग येत नाही. सहा लाखांच्या जवळ.

घरी बायको म्हणाली, तीन वेळा हाक मारली. ऐकलं होतं.

७ मार्च, शुक्रवार. सकाळी १०.३०

आजचा शोध नोंदवून ठेवण्यासारखा.

प्रत्येक पॅकेटच्या कपाळावर एक आकडा असतो. साधारण चौसष्ट. वाटेतल्या प्रत्येक राउटरने त्यातून एक वजा करायचा. शून्य झाला की पॅकेट फेकून द्यायचं. का, तर म्हणे चुकून एखादं पॅकेट गोल फिरायला लागलं तर जन्मभर फिरत राहू नये. आता आमच्या लॅबमध्ये कोण गोल फिरतंय? शिवाय एक वजा केला की आकडा बदलतो, म्हणून पॅकेटवरची तपासणीची बेरीजही परत करा. एवढ्या लहान गोष्टीसाठी एवढा उपद्व्याप, आणि तो प्रत्येक पॅकेटमागे!

वजाबाकी काढली. अकरा टक्के वाचले. सहा लाख पार.

शंकाबाईंच्या वहीत आक्षेप क्रमांक १४. म्हणाल्या, सर, वजाबाकी कुठाय? मी म्हणालो, पुढच्या आवृत्तीत. त्या म्हणाल्या, ती काही शोभेची नाही सर. मी म्हणालो, नोंद घेतली आहे. घेतली नव्हती. आत्ता घेतली.

११ मार्च, मंगळवार. सकाळी ७.३०

सासरे चहा घेताना म्हणाले, जावईबापू, तुमच्यात पत्त्याचा घोळ झाला तर काय करता? मी म्हणालो, पुढे ढकलतो. ते म्हणाले, आमच्यात ते चालायचं नाही. एकदा एका गावाच्या दोन पोस्टांत एक पाकीट सारखं फिरायचं. हे म्हणायचे त्यांचं, ते म्हणायचे यांचं. आम्ही पाठीमागचे शिक्के मोजायचो. पाचापेक्षा जास्त दिसले की सरळ बेवारस पेटीत. नाहीतर पोत्यात सगळी तीच ती पत्रं राहतात आणि वाटतं, अरे वा, आज टपाल किती आलंय!

पत्र आणि पॅकेट यांत फरक असतो. समजावलं नाही. वयाचा मान.

१४ मार्च

माझ्या खुर्चीचं चाक निखळलंय. खरेदी विभागाकडे अर्ज केला होता, त्यांनी तो स्टोअरकडे पाठवला, स्टोअरने खरेदीकडे. डिसेंबरपासून चालू आहे. दोन्ही विभाग खूप कामात दिसतात.

१८ मार्च, मंगळवार. दुपारी ३.१०

चाळीस लाख.

परत लिहितो. सेकंदाला चाळीस लाख पॅकेटं.

विमा कंपनीला दोन डबे हवेत, एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून. आज पहिल्यांदा दोन डबे एकमेकांना जोडले. दोघांना एकच साधा नियम दिला: पत्ता ओळखीचा नसेल तर शेजाऱ्याकडे पाठव. चाचणीची पॅकेटं बनवणारा जनरेटर असतो, त्यातून खोटी पॅकेटं सोडली. आकडा सहा, अकरा, चोवीस, चाळीस. आणि चाळीसवर थांबला. हलत नाही. दगडासारखा.

जुन्या स्टॅकच्या जवळजवळ नऊपट. मी पाच कबूल केले होते.

जुळ्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग एकमेकांकडे. यावेळी ‘नाही’ म्हणाले नाहीत.  शंकाबाई रजेवर, अक्कलदाढ काढायला.

३.४०. डायरेक्टर स्वतः खाली आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. उजव्या. म्हणाले, नऊपट! मी म्हणालो, नम्रपणे सांगायचं तर आठ पूर्णांक नऊ.

काय वाटलं, असं संध्याकाळी बायकोने विचारलं. विचार करून सांगतो म्हणालो.

२० मार्च, गुरुवार

शंकाबाई रजेवरून आल्या. गाल टम्म सुजलेला, बोलता येत नाही, कागदावर लिहून बोलतात. पाऊण तास त्या दोन डब्यांसमोर बसल्या. मग लिहिलं: आत सहा लाख. मध्ये चाळीस. बाहेर तीन. बाकीची कुठून आली? आणि आतली तीन कुठे गेली?

मी म्हणालो, बाई, वेगाचं हे नवं स्वरूप आहे, जुन्या मापाने मोजू नका.

त्यांनी लिहिलं: जनरेटर बंद करा.

केला. आकडा चाळीस लाख. पाच मिनिटं थांबलो. चाळीस लाख. आत एकही पॅकेट पाठवत नसताना वेग कायम! इतका स्थिर स्टॅक मी आयुष्यात पाहिलेला नाही. शंकाबाईंना म्हणालो, बघा.

त्यांनी कागद पुढे ओढला. मग काहीतरी लिहिलं, कागदाची घडी घातली आणि माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली. आक्षेप असणार. फुरसतीने बघू.

२४ मार्च, सोमवार

समजलं की शंकाबाई थेट डायरेक्टरांना भेटल्या. डायरेक्टरांनी शांतपणे ऐकलं आणि माहितीपत्रक दाखवलं. गुळगुळीत कागद, आमचा डबा, खाली ठळक अक्षरात नऊपट. म्हणाले, बाई, छापून झालंय.

माझी निष्ठेची अपेक्षा नाही. पण माझ्या डोक्यावरून जाणं बरं नाही. असं त्यांना सांगायचं ठरवलं. त्या समोर आल्यावर गालाची सूज कशी आहे विचारलं.

२८ मार्च

वेळ भरपूर आहे म्हणून कोडच्या वरची चौकट सुधारली. आता कोपरे गोल दिसतात.

१ एप्रिल, मंगळवार. सकाळी ९.२०

शंकाबाईंची सूज उतरली, त्यामुळे आता बोलतात. दार लावून घेतलं आणि बोलल्या. म्हणाल्या, सर, ट्रायल पास व्हायलाच पाहिजे. घरात मी एकटी मिळवते, आई अंथरुणावर आहे, सेक्शन बंद झाला तर मला कोण घेणार या वयात? तुमची पॅकेटं गोल फिरताहेत. हा डबा त्याच्याकडे टाकतो, तो याच्याकडे. तीच ती मोजली जाताहेत. वजाबाकी घाला. ड्रॉवरमध्ये मी लिहून ठेवलीय. तीन ओळी आहेत हो!

‘हो’ म्हणताना आवाज चिरकला. माणसं किती ताण घेतात.

कागद उघडला. खरंच तीन ओळी. सुबक अक्षर.

१०.४५. निष्पक्षपणा हा माझा स्वभाव आहे. जोडलेल्या दोन्ही डब्यांत तीन ओळी घालून बघितल्या. आकडा चाळीस लाखांवरून चार लाख तीस हजारांवर आला! जुन्या स्टॅकपेक्षाही खाली.

म्हणजे दोष त्या तीन ओळींत आहे. काढल्या. आकडा परत चाळीस. सिद्ध झालं.

शंकाबाईंना सांगितलं, करून बघितलं, तुमच्या ओळींनी वेग जातो. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

५ एप्रिल, शनिवार

ट्रायलच्या भाषणाची तयारी. विषय: राउटर बनवणाऱ्यांनी नेटवर्क स्टॅक स्वतः का लिहावा. सव्वीस स्लाइड. बायकोला म्हणून दाखवलं. नवव्या स्लाइडला ती पेपर तपासायला लागली. सव्विसाव्याला म्हणाली, एक विचारू? त्या विमावाल्यांना किती वेग हवाय? मी म्हणालो, जास्तीत जास्त. ती म्हणाली, असं त्यांनी सांगितलं? विचारलंस त्यांना?

विचारणं हे सेल्सचं काम आहे.

९ एप्रिल, बुधवार. सकाळी ९.५०

विमा कंपनीचं ऑफिस. सर्व्हर रूम तळघरात, थंड. इस्त्रीचा शर्ट. डायरेक्टर, मी, शंकाबाई. त्यांच्याकडून त्यांचा नेटवर्कवाला. हळू बोलणारा माणूस, खिशाला पेनासारखा स्क्रू-ड्रायव्हर. दोन्ही डबे रॅकमध्ये बसवले. आपण होऊन म्हणाला, स्वच्छ काम आहे. चांगला माणूस.

१०.०५. त्यांचं सगळं ऑफिस आमच्या डब्यांवर आलं. आकडा चढतोय. सहा लाख. नऊ.

१०.१२. चाळीस लाख. डायरेक्टरांनी माहितीपत्रक काढून स्क्रीनच्या शेजारी धरलं. मी स्लाइड एक सुरू केली.

१०.२०. वरून निरोप आला, फोन लागत नाहीत. फोनही नेटवर्कवरच चालतात म्हणे. मी म्हणालो, सुरुवातीला होतं.

१०.२६. दुसरा निरोप. दुसऱ्या मजल्यावर कोणाचीही फाइल उघडत नाही. तिसऱ्यावर फाइल उघडते, पण तोवर माणसाचा संयम संपतो. नेटवर्कवाला आकड्याकडे बघत उभा. म्हणाला, एवढं ट्रॅफिक आमच्याकडे नसतं हो. अख्खं ऑफिस मिळून दीड लाखाच्या वर जात नाही. डायरेक्टर म्हणाले, आमचा डबा क्षमता वाढवतो.

१०.३१. नेटवर्कवाल्याने ऑफिसकडून डब्यात येणारी वायर उपटली. बाहेर जाणारीही उपटली. मी स्लाइड सातवर.

आकडा चाळीस लाख.

तो आवाज न चढवता म्हणाला, साहेब, वायर माझ्या हातात आहे.

दोन्ही वायरी खरंच त्याच्या हातात होत्या.

१०.३५. त्याने लॅपटॉप जोडून दोन डब्यांमधली पॅकेटं उघडून बघितली. म्हणाला, शे-दोनशेच आहेत. तीच परत परत. तिसऱ्या मजल्यावर पूर्वी एक प्रिंटर होता, मागच्या वर्षी काढला, त्याला कोणाचा तरी कॉम्प्युटर अजून विचारतोय की कागद आहे का. तुमचे डबे एकमेकांना सांगताहेत, तू बघ, तू बघ. सेकंदाला चाळीस लाख वेळा.

मग विचारलं, वजाबाकी करत नाही का तुम्ही? मी म्हणालो, पुढच्या आवृत्तीत.

त्याने एका डब्याची पिन काढली. शून्य. खोलीत पंख्याचा आवाज केवढा होता ते तेव्हा लक्षात आलं.

१०.५०. निघताना नेटवर्कवाला डायरेक्टरांना म्हणाला, वाईट वाटतं, डब्याची बांधणी चांगली आहे. आम्हाला दुप्पट पुरलं असतं खरं तर. पाच, नऊ कोणी मागितलं होतं?

११.३०. परतीची गाडी. शंकाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मला हातांची बोटं मोजावीशी वाटली. मोजली. दहा.

१० एप्रिल, गुरुवार

डायरेक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर लिहायला काही मिळालं असतं. सोमवारपासून बंद, एवढंच म्हणाले, आणि फोन घेतला.

दुपारी ४.००. शंकाबाई लॅबमध्ये काम करत होत्या. कशासाठी, असं विचारलं. म्हणाल्या, सवय. त्यांनी दोन आकडे काढले. माझा स्टॅक, वजाबाकीसह, दोन डबे जोडून: चार लाख तीस हजार. ऑपरेटिंग सिस्टमचा जुना स्टॅक, त्यातली एक सेटिंग चालू करून: चौदा लाख. ओळखीच्या वाहतुकीला सगळी टेबलं टाळून थेट वाट देणारी सेटिंग आहे म्हणे. सहा वर्षांपासून आहे. एक ओळ. डिफॉल्टला बंद असते.

म्हणजे तिप्पट झाले.

मी म्हणालो, तिप्पट म्हणजे पाचपट नव्हे. त्या म्हणाल्या, नाही सर. आणि डबा बंद केला.

१४ एप्रिल, सोमवार

सेक्शन बंद झाला. कार्यक्रम साधा. खोलीचं कुलूप, किल्ली शिपायाकडे. जुळ्यांनी एकाच ईमेलमध्ये राजीनामा दिला. शंकाबाईंना विमा कंपनीच्या नेटवर्कवाल्याने बोलावून घेतलंय. ट्रायलच्या दिवशी त्याने त्यांच्या वहीतले आक्षेप वाचले होते, चौदावा दोनदा.

माझी बदली मॅन्युअल विभागात. पदनाम: वरिष्ठ सल्लागार, लेखन. पदोन्नतीच्या आसपासचं काहीतरी. तयार चिपचा नवा डबा येतोय, त्याची पुस्तिका लिहायची. आतलं काही लिहायचं नाही, कुठली वायर कुठे लावायची तेवढंच.

घरी सांगायचं योग्य वेळी. सध्या सांगितलं की कामाचा नवा टप्पा सुरू झाला. खोटं नाही.

१७ एप्रिल

संकल्प. पुस्तिका रोज चार पानं. चहा दोनच.

१०.१०. चौथा चहा. मॅन्युअल विभागातले लोक आग्रही आहेत.

पान एक झालं. डब्याचं चित्र, त्याला बाण.

२२ एप्रिल, मंगळवार

बाण सुधारले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, आधी कुठल्या विभागात होतात? मी म्हणालो, संशोधन. त्या म्हणाल्या, अरे वा, आणि इकडे कसे? मी म्हणालो, वरून विनंती झाली.

बारा दिवस बरी झोप लागतेय. बायको म्हणते, रात्री दात खातोस.

२६ एप्रिल, शनिवार. सायंकाळी ६.१५

दुपारी शंकाबाई घरी आल्या. निरोप घ्यायला, आणि माझ्या ड्रॉवरमधलं सामान एका पिशवीत घालून. स्टेपलर, चष्म्याचं घर, सव्वीस स्लाइडचा प्रिंट. सासऱ्यांशी त्यांचं लगेच जमलं, पाऊण तास पत्रांच्या शिक्क्यांवर बोलले. दोघं एवढे हसले की शेजारचं कुत्रं भुंकलं.

चहा झाल्यावर शंकाबाई बायकोला म्हणाल्या, चौदा तारखेला कुलूप लावताना फार वाईट वाटलं हो. एकवीस वर्षं सर त्या खोलीत.

मी कप खाली ठेवला. ही गोष्ट योग्य वेळी सांगायची होती.

बायको म्हणाली, हो ना. आणि त्यांना बिस्किटं दिली.

त्या गेल्यावर विचारलं, तुला कोणी सांगितलं? म्हणाली, कोणी नाही. मी म्हणालो, मग? ती कप गोळा करत म्हणाली, चौदा तारखेला तू घरी आलास, चप्पल काढलीस आणि मला विचारलंस, तुझा दिवस कसा गेला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं कोणीतरी गेलं. मग बाबांना म्हटलं, याचं ऑफिस गेलं. बाबा म्हणाले, तो सांगेल तेव्हा सांगू दे.

बारा दिवस दोघांना माहीत होतं. रोज सकाळी दारात उभी राहून ती डबा देत होती, आणि नवा टप्पा कसा चाललाय विचारत होती. मी सांगत होतो, वेगात.

काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, मग त्या दिवशी काय म्हणालीस तू? कसा गेला होता तुझा दिवस?

ती नळाखाली कप धरून उभी होती. म्हणाली, सांगणार होते रे. शाळेत तसं घडलंही होतं त्या दिवशी काहीतरी. पण तू उत्तराला थांबला नाहीस. विचारलंस आणि आंघोळीला गेलास.

आठवून बघितलं. पाणी गार होतं, तेवढं आठवतं.